विमानतळावरची जुनी यंत्रं: घाबरायचं नेमकं कशाला?

गोव्यातल्या म्हापशाच्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझी लेक दिल्लीला नोकरीला आहे, महिन्या-दोन महिन्यांनी मोपाहून ये-जा करते. नोव्हेंबरात दिल्लीची यंत्रणा बंद पडली तेव्हा ती आठ तास विमानतळावर अडकली. आपल्याकडची यंत्रं जुनाट झाली आहेत असं सगळे म्हणतात. तुम्ही या कामात होता. खरं सांगा, जुन्या यंत्रांमुळे विमान पडू शकतं का? दाबोळी विमानतळापेक्षा मोपा बरं का? आणि रात्रीचं विमान टाळावं का?"

ताई, माझी नोकरी विमानतळांवरची रडार, रेडिओ आणि उतरण्याची यंत्रं सांभाळण्यात गेली. टॉवरात बसून विमानांशी बोलणारा तो कंट्रोलर, आणि त्याचा आवाज विमानापर्यंत पोचतो की नाही हे बघणारा तो मी. निवृत्त होऊन डिचोलीला परतलो, तरी आकाशात विमानाचा आवाज आला की मान आपोआप वर जाते.

आधी सरळ उत्तर. जुन्या यंत्रामुळे तुमच्या लेकीचं विमान उशिरा सुटेल, आकाशात घिरट्या घालेल, एखाद्या वेळी भलत्याच शहरात उतरेल. पण पडायला नुसतं जुनं यंत्र पुरत नाही. या व्यवस्थेची मांडणीच अशी आहे की यंत्र कमी झालं की विमानं कमी करायची. वाढपी कमी पडले तर आपण पंगती कमी बसवतो, तसंच.

दिल्लीत काय झालं ते बघा. ६ आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला तिथली संदेश वाहणारी यंत्रणा अडखळली. आम्ही तिला एएमएसएस म्हणतो. हे विमानवाहतुकीचं टपालखातं समजा. कोणतं विमान, कुठून कुठे, कोणत्या मार्गाने, किती उंचीवर, ही सगळी माहिती म्हणजे फ्लाइट प्लॅन. तो या टपालातून येतो आणि कंट्रोलरच्या पडद्यावर आपोआप उमटतो. टपाल थांबलं तेव्हा कंट्रोलरांना ही माहिती हाताने भरावी लागली. आठशेच्या वर विमानांना उशीर झाला. तुमच्या लेकीचे आठ तास त्यातलेच. पण रडार दिसत होतं, रेडिओ चालू होता, वर असलेल्या विमानांवर लक्ष होतं. खोळंबा प्रचंड, धोका त्या मानाने थोडा.

रडारच गेलं तर? तेही सांगतो. रडार असतं तेव्हा मार्गावरच्या दोन विमानांत पाच सागरी मैलांचं, म्हणजे नऊएक किलोमीटरचं अंतर पुरतं. विमानतळाजवळ तीन मैलही चालतं. रडार नसेल तर एकाच उंचीवर एकामागून एक जाणाऱ्या दोन विमानांत वेळेचं अंतर ठेवतात, साधारण दहा मिनिटांचं. जेट विमान दहा मिनिटांत सव्वाशे-दीडशे किलोमीटर जातं. म्हणजे त्याच आकाशात विमानं एकदम थोडी मावतात. ही पद्धत विमानांची नोंद कागदी पट्ट्यांवर ठेवायचे त्या काळातली आहे, आणि ती पुराणवस्तूसंग्रहालयात गेलेली नाही. गोव्याहून आखाताकडे निघालेलं विमान किनाऱ्यापासून दोन-अडीचशे सागरी मैल गेलं की रडारच्या नजरेआड होतं, पृथ्वीची गोलाई मध्ये येते. त्यापुढे अरबी समुद्रावर ते वेळ, उंची आणि ठरलेल्या मार्गाच्या हिशोबानेच सांभाळलं जातं. आता उपग्रहामार्फत संदेश जातात, पूर्वी एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवर, घसा फोडून बोलावं लागे.

तेव्हा 'बंद पडणं' ही गोष्ट आम्ही गृहीतच धरलेली असते. प्रत्येक महत्त्वाच्या यंत्राचे दोन संच असतात, एक चालू आणि एक स्टँडबाय. त्यामागे यूपीएस, त्यामागे डिझेल जनरेटर. विमानाचा रेडिओ गेला तर वैमानिक ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा आकडा लावतो आणि पुढे त्याने काय करायचं हे त्याला आणि कंट्रोलरला दोघांनाही पाठ असतं. मेलेल्या यंत्राने माझी झोप क्वचितच उडवली.

झोप उडवली ती अर्धवट जिवंत असलेल्या यंत्रांनी.

उतरताना विमानाला वाट दाखवणारं जे यंत्र असतं त्याला आयएलएस म्हणतात. त्याचे दोन भाग. लोकलायझर धावपट्टीची मधली रेघ सांगतो, ग्लाइड पाथ उताराचा कोन सांगतो, बहुधा तीन अंशांचा. दोन्हींची युक्ती एकच. ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर सोडायचे. विमान बरोबर वाटेवर असेल तर दोन्ही सारखे ऐकू येतात आणि वैमानिकापुढची सुई मधोमध राहते. वाट सुटली की एक सूर वरचढ होतो, सुई सरकते. या सुरांवर एक पहारेकरी बसवलेला असतो, मॉनिटर. सूर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तो दुसरा संच चालू करतो, आणि तोही बिघडलेला असेल तर सगळं बंद करतो. साध्या कॅट-वन आयएलएसमध्ये लोकलायझरला त्यासाठी जास्तीत जास्त १० सेकंद आणि ग्लाइड पाथला ६ सेकंद मिळतात. चुकीची वाट दाखवण्यापेक्षा वाट न दाखवणं बरं, हे त्या मॉनिटरमध्ये कोरलेलं आहे.

आता तो पहारेकरीच बाजूला केला तर काय होतं? २९ जुलै २०००, सामोआ बेटांवरचा फालेओलो विमानतळ. तिथला ग्लाइड पाथ बायपासवर ठेवलेला होता, म्हणजे मॉनिटरला तो बंद करण्याची मुभाच नव्हती. वर टॉवरकडे इशारा नेणारी केबल बांधकामात तुटलेली. यंत्रातून अर्धाच सिग्नल बाहेर पडत होता, आणि त्या अर्ध्या सिग्नलचा परिणाम असा की विमान कुठेही असो, सुई मधोमध. एअर न्यूझीलंडच्या ६० क्रमांकाच्या उड्डाणाचं बोइंग ७६७ रात्री त्या सुईवर विश्वास ठेवून खाली आलं. अंतर आणि उंचीचा मेळ बसेना म्हणून वैमानिकांनी वेळेवर विमान उचललं. तेव्हा ते जमिनीपासून चारशे फुटांच्याही आत होतं आणि धावपट्टी अजून साडेपाच मैल पुढे होती. कोणाला खरचटलंही नाही, म्हणून ही गोष्ट वर्तमानपत्रांत फारशी आली नाही. आमच्या धंद्यात मात्र ती नव्या पोरांना सांगतात.

लक्षात घ्या, यात यंत्राच्या वयाचा संबंध किती थोडा आहे. दुरुस्तीच्या वेळी ठेवलेली एक कळ आणि एक तुटलेली केबल.

माझ्या स्वतःच्या नोकरीतला प्रसंग सांगतो, इतका भयंकर नाही. किनाऱ्यालगतच्या एका विमानतळावर होतो, नाव राहू द्या. मे महिना. मुख्य फ्रिक्वेन्सीवर दुपारी तीन ते पाच या वेळात वैमानिकांचा आवाज तुटक यायचा. संध्याकाळी आपोआप ठीक. मला हे कळलं कधी, तर दुसऱ्या विमानतळावरून बदलून आलेल्या एका तरुण कंट्रोलर मुलीने पहिल्याच ड्यूटीला लॉगबुकात लिहिलं तेव्हा. खाली येऊन मला विचारते, "सर, इथे नेहमीच असं असतं का?" मी लॉगबुक मागे चाळलं. तीन आठवडे एक ओळ नाही. टॉवरातल्या कंट्रोलरांना विचारलं तर म्हणाले, हो, दुपारी जरा खरखर असते, आम्ही 'से अगेन', म्हणजे पुन्हा सांगा, म्हणतो. माणसं चांगली होती, कामात हुशार होती. म्हणून तर त्यांनी निभावून नेलं, आणि निभावून नेलं म्हणून कोणी तक्रार केली नाही.

गच्चीवर चढलो. पत्रा इतका तापलेला की चपलेच्या तळातून चटका बसत होता. अँटेनाच्या खाली कोएक्स केबलच्या कनेक्टरवर गुंडाळलेली टेप वाळून फाटली होती. ती सोलली तर आत हिरवागार गंज, देवघरातल्या न घासलेल्या तांब्याच्या पळीवर धरतो ना, तसा. दुपारी धातू तापून फुगला की मधली पिन सुटायची, संध्याकाळी थंड होऊन टेकायची. केबलचा हातभर तुकडा कापला, नवा कनेक्टर बसवला, नीट टेप मारली. चारपाचशे रुपयांचं काम. रेडिओचा संच खोलीत एसीत बसलेला, वयाने जेमतेम पाच वर्षांचा.

म्हणून 'यंत्रं जुनी' असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कशातलं काय जुनं? लोकांच्या डोळ्यापुढे मोठा पडदा आणि कॉम्प्युटर येतो. खरोखर म्हातारं होतं ते त्याच्या आजूबाजूचं: पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकतात, पंखे जाम होतात, रिलेचे टोक जळतात, यूपीएसच्या बॅटऱ्या फुगतात, केबल उंदीर कुरतडतात. १ जानेवारी २०२३ ला मनिलाचं सगळं आकाश बंद पडलं ते विजेच्या पुरवठ्यातल्या बिघाडाने. शेकडो उड्डाणं कोलमडली. अमेरिकेत २८ एप्रिल २०२५ ला नेवार्कची विमानं सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियाच्या केंद्राचे रडार आणि रेडिओ दोन्ही सुमारे नव्वद सेकंद गेले, डेटा आणणाऱ्या लाइनमुळे. पैशाला तोटा नसलेला तो देश. तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं होतं की हवाई नियंत्रणाच्या १३८ प्रणालींपैकी ५१ पुढे टिकवण्याजोग्या नाहीत आणि आणखी ५४ त्याच वाटेवर आहेत.

आपल्या गोव्यात तर हवा, माती आणि पाऊस हे तिघेही यंत्रांचे वैरी. समुद्राची खारी हवा कनेक्टर खाते. जांभ्या दगडात विजेचं अर्थिंग नीट मिळत नाही, आणि वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा तेच हवं असतं. मग खोल खड्डे, तांब्याच्या पट्ट्या, कोळसा-मीठ, केमिकल, जे लागेल ते. आणि गवत! ग्लाइड पाथचा सिग्नल पुढच्या जमिनीवरून परावर्तित होऊन तयार होतो, म्हणजे ती जमीन हा यंत्राचाच एक भाग. मृगाच्या पावसानंतर आपल्याकडे गवत कसं वाढतं ते तुम्हाला सांगायला नको. गवत वाढलं, पाणी साचलं की सिग्नल हलू शकतो. जुलैत गवत कापणाऱ्याचं महत्त्व माझ्याइतकंच असतं, फक्त पगारात ते दिसत नाही.

मग जुनं काढून नवं का बसवत नाहीत? बसवतात, पण घरातला फ्रीज बदलण्यासारखं ते नाही. विमानतळ बंद ठेवता येत नाही. नवं यंत्र जुन्याशेजारी उभं करायचं, दोन्ही बरोबर चालवायची, कंट्रोलरांना शिकवायचं, मग तपासणीचं विमान येऊन आकाशातून सिग्नल मोजतं. आपल्याकडे विमानतळ प्राधिकरणाचं हे पथक दिल्लीच्या सफदरजंगहून काम करतं, छोट्या विमानात मोजणीची उपकरणं घेऊन. ते पास म्हणाले तर नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, निघून यंत्र चालू. दरम्यान जुन्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने कधीच बंद केलेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तसाच दिसणारा कपॅसिटर वीस रुपयांत मिळतो, तो लावता येत नाही, कारण प्रत्येक भागाचा कागद लागतो. मग एका विमानतळावरचा निवृत्त संच दुसऱ्याच्या स्पेअरसाठी जपून ठेवायचा. हे वर्षानुवर्षं चालतं.

आणि हा जुन्या-नव्याच्या मधला काळ हाच सगळ्यात नाजूक. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ ला दाट धुक्यात एक लहान जेट वाट चुकून धावपट्टीवर गेलं आणि उड्डाण घेणाऱ्या विमानाची त्याला धडक बसली. ११८ माणसं गेली. जमिनीवरची विमानं दाखवणारं जुनं रडार काढून टाकलेलं होतं, नवं आलेलं होतं पण सुरू झालेलं नव्हतं. टॅक्सीवेवरच्या खुणाही धड नव्हत्या. पुढच्या वर्षी १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानं हवेत आदळली, ७१ मृत्यू. त्या रात्री झुरिचच्या केंद्रात दुरुस्तीचं काम चालू होतं, मुख्य टेलिफोन लाइन बंद होत्या, टक्कर होण्याचा इशारा पडद्यावर येत नव्हता आणि ड्यूटीवर एकच कंट्रोलर दोन पडदे सांभाळत होता. हे अपघात आठवले की मी 'मेंटेनन्स चालू आहे' ही पाटी बिनधास्त वाचू शकत नाही.

माणसं जाण्यात जुनेपणाचाही हात असल्याचं आपल्याकडचं उदाहरण विचाराल तर चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६. दोन विमानं, ३४९ मृत्यू. कझाक विमान सांगितलेल्या उंचीच्या खाली उतरलं हे मुख्य कारण. पण तेव्हा दिल्लीच्या रडारला विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसायचं नाही. ते यंत्र बिघडलेलं नव्हतं, काळाच्या मागे पडलेलं होतं. त्यानंतर आपल्याकडे विमानांत टक्कर टाळणारं टीकॅस सक्तीचं झालं. ते विमानातच असतं, जमिनीवरचं काही बंद पडलं तरी त्याचं काम चालू राहतं. तुमच्या लेकीच्या विमानातही आहे.

एक उलटी गंमतही सांगतो. त्याच नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीजवळ विमानांना जीपीएसचे बनावट सिग्नल मिळाल्याचं सरकारने नंतर संसदेत मान्य केलं. उपग्रहाच्या भरवशावर उतरणाऱ्या विमानांना अशा वेळी कोण सोडवतं? तेच जमिनीवरून दिशा सांगणारं जुनं व्हीओआर आणि आयएलएस, ज्यांना लोक 'आता कशाला हवेत' म्हणत होते. म्हणून ती पुरेशा संख्येने राखायची असं धोरण आहे. मी ती कौतुकाने पुसायचो तेव्हा तरुण सहकारी हसायचे.

आता दाबोळी की मोपा. दाबोळी मुळात पोर्तुगीजांनी बांधलेलं, १९६१ नंतर नौदलाकडे आलं, आजही तो नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे आणि तिथलं हवाई नियंत्रण नौदलाचं. मोपा ५ जानेवारी २०२३ पासून चालू झालं, तिथे नियंत्रण विमानतळ प्राधिकरणाचं. धावपट्टी जुनी म्हणजे यंत्रं जुनी असं होत नाही. आणि मोपाची यंत्रं कोरी म्हणून निर्धास्त असंही होत नाही, कारण यंत्र पहिल्या वर्षा-दोन वर्षांत आणि अगदी शेवटी जास्त त्रास देतं, मधला काळ शांत जातो. सुरक्षिततेच्या हिशोबाने दोन्हीत निवड करायला मला कारण दिसत नाही. तुम्हाला म्हापशाहून मोपा जवळ, तिथूनच जाऊ दे.

मला विचाराल तर प्रवाशाने यंत्राच्या वयापेक्षा त्या खोलीतल्या माणसांची चौकशी करावी. किती जागा रिकाम्या आहेत? एका कंट्रोलरला किती वेळ सलग पडद्यापुढे बसवतात? लॉगबुकात तक्रार लिहिणाऱ्याचं कौतुक होतं की 'कशाला लिहिलंस' म्हणतात? दिल्ली-मुंबईची यंत्रणा मंदावते आहे असं कंट्रोलरांच्या संघटनेने नोव्हेंबरच्या आधी काही महिने लेखी कळवलं होतं. कळवणारे होते, ही त्यातली चांगली बाजू. वाचणाऱ्यांबद्दल मी निवृत्त माणूस काय बोलू.

लेकीला एक सांगून ठेवा. उतरता उतरता विमान एकदम गर्जना करून पुन्हा वर गेलं तर त्याला गो-अराउंड म्हणतात. पावसाळ्यात गोव्यात ते होतंच. पोटात गोळा येईल, पण सुईवर डोळे झाकून विश्वास न ठेवणारा वैमानिक पुढे बसला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

रात्रीच्या विमानाचं म्हणाल तर यंत्रांना दिवस-रात्र सारखीच. उलट रात्री गर्दी कमी असते. टाळायचंच असेल तर एका कारणासाठी टाळा: दीड वाजता मोपाला उतरल्यावर म्हापशापर्यंत टॅक्सीवाला काय मागेल ते त्यालाच ठाऊक.